दोन विहिणींमधली दुभाषी

पिलारबाई चांगली दोन मिनिटं बोलत होत्या.

"काय म्हणाल्या?" इंदुबाईंनी लेकीला विचारलं.

"घर छान आहे म्हणाल्या," कल्याणी म्हणाली.

दोन खोल्यांच्या घराचं दोन मिनिटं कौतुक. इंदुबाईंनी पोह्यांची बशी पुढे सरकवली. होणारा जावई आल्वारो खाली मान घालून खात होता. त्याची आई पिलारबाई लग्नाचं बोलायला स्पेनमधल्या सेव्हिलहून आल्या होत्या.

कल्याणी हिंजवडीच्या कंपनीत स्पॅनिश क्लायंट सांभाळायची. क्लायंटला सगळं सांगायचं नसतं, झेपेल तेवढंच सांगायचं, असं ती अभिमानाने म्हणे. आज तिने आईलाही त्याच रांगेत बसवलं होतं.

पण तिच्या सदाशिव पेठेतल्या स्पॅनिश क्लासच्या वह्या इंदुबाईंनी रद्दीत घातल्याच नव्हत्या. त्या कामाला होत्या त्या दवाखान्याच्या काउंटरवर, पेशंट नसताना, त्यांनी नववा धडा घोकला होता. नोविया म्हणजे नवरी, मारिदो नवरा, बोदा लग्न, सुएग्रा सासू. आणि कोन्सुएग्रा, म्हणजे चक्क विहीण. इंग्रजीत या नात्याला धड नाव नाही. यांच्यात आहे म्हणजे मानपान आणि रुसवेही असणार, या विचाराने त्यांना बरं वाटलं होतं.

पिलारबाई पुन्हा बोलल्या. बोदा. इग्लेसिया. हूनियो. लग्न, चर्च, जून.

"आता?"

"पोहे आवडले."

"आणि तू काय सांगितलंस?"

"तू खूश आहेस म्हणून."

आईशी ठरलं होतं ते मे महिन्यात, पुण्यात, विहारात, पांढऱ्या कपड्यांतलं लग्न.

"तुझ्या आजोबांनी छप्पन्न साली देव्हारा रिकामा केला," इंदुबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि तू चर्चमध्ये लग्न लावून घेणार. तेही मला पोहे आवडले सांगून."

कल्याणीचा चेहरा उतरला. "मग त्यांना काय सांगायचं होतं? आई ऐकणार नाही म्हणून?"

"तेच सांगायचं होतं." त्या पिलारबाईंकडे वळल्या. "कोन्सुएग्रा. बोदा आकी. पुणे. मायो."

आकी म्हणजे इथे. पिलारबाईंनी बशी ठेवली आणि कल्याणीवर आवाज चढवला. आल्वारोने मोडक्या इंग्रजीत इंदुबाईंना सांगितलं, "कल्याणी सेड, इन जॅन्युअरी, यू से येस. चर्च, जून."

"मी नो म्हणते," इंदुबाई म्हणाल्या.

पिलारबाईंनी कल्याणीकडे पाठ केली. "हूनियो."

"मायो."

हूनियो-मायो असं आणखी तीन-चारदा झालं. मग पिलारबाईंनी पर्समधून डायरी काढली, मे महिन्याचं पान फाडल्यासारखं उलटलं आणि पेन रोखलं. इंदुबाईंनी बोटांनी अठरा दाखवले. मुहूर्त बघायचा नव्हताच, फक्त रविवार हवा होता. तारीख लिहिली गेली. जूनमधल्या चर्चच्या लग्नाचं भांडण अजून बाकी होतं.

कल्याणी उठली. "मी आत जाते."

"बस," इंदुबाई म्हणाल्या. "लग्न तुझंच आहे. फक्त मध्ये बोलू नकोस."