तळातलं फूल

गुदवेग मंगळवारी गेली आणि पुढच्या मंगळवारी तिला माती द्यायची ठरली. सरोवराच्या आमच्या बाजूला कुणीही मेलं की माती दिल्यावर प्यायची बीअर गुदवेगच करायची. चाळीस वर्षं. आता तिचीच वेळ आली तर करणार कोण?

तिची धाकटी बहीण रग्ना फोनवर म्हणाली, "दुकानातली आणा. कोण बघतंय?"

गुदवेगचा नवरा अन्फिन माझ्या दारात उभा राहिला. "तिच्या मातीला दुकानातली बीअर? मेलो तरी नाही. ऐलिफ, तू सांग, मी करतो."

हा माणूस चाळीस वर्षं नुसती लाकडं आणि पाणी वाहायचा. पिंपाला हात लावला तर बायको पळीनं मारायची. मी म्हटलं, "तुला चहा तरी जमतो का रे?"

"नाही. म्हणून तर तुझ्याकडे आलो."

त्याच्या घरी जुनिपरच्या, म्हणजे त्या काटेरी वासाच्या झुडपाच्या, फांद्या टाकून पाणी तापवलं, मोडाचे जव भिजवले, गाळून चार तास उकळलं. तोवर सगळं माझ्या डोळ्यांसमोर. मग माझ्या शेळ्यांची धारेची वेळ झाली. जाता जाता म्हटलं, "अंगाइतकं कोमट झालं की माळ्यावरचं विरजण टाक."

गुदवेगचं विरजण म्हणजे लाकडात कोरलेल्या छोट्या कड्यांची माळ. त्यावर मागच्या बीअरचा तळाचा गाळ वाळवून ठेवलेला, त्यानंच नवी बीअर फसफसते. तिच्या आईचं, आजीचं, त्याही आधीचं. त्यातली दोन-चार कडी टाकायची, बाकीची परत टांगायची. हे मी सांगितलं नाही. मला वाटलं, एवढं आयुष्य त्या माळ्याखाली झोपलाय, माहीत असेल.

त्यानं अख्खी माळ बुडवली.

फसफसून वर मात्र आलं झकास. तिसऱ्या दिवशी त्यानं लाकडी वाडग्यात काढून मला दाखवलं. त्या वाडग्याच्या तळाला गुदवेगच्या आईनं रंगवलेलं निळं फूल आहे. आमच्याकडची पारख तीच: भरलेल्या वाडग्यातून फुलाच्या पाकळ्या मोजता आल्या पाहिजेत. मी आत बघितलं. भाताची पेज.

आणि माझी जीभ! मी म्हटलं, "लोकांना धुकं पाजतोस का? गुदवेगच्या बीअरमधून फूल हसायचं रे."

त्याचे कान लाल झाले. थोडं थांब, आपोआप खाली बसेल, एवढं म्हणायला काय जात होतं माझं?

त्यानं पिंप किंचित गार गोठ्यात नेऊन ठेवलं. दोन दिवसांत साका खाली बसला. वरची नितळ बीअर त्यानं तळघरातल्या दुसऱ्या पिंपात काढली, खालचा पांढरा गाळ गोठ्यामागे बर्फात ओतला आणि पिंप, अगदी ती माळसुद्धा, उकळत्या पाण्यानं घासून लख्ख केलं. घाण गेली म्हणून खूश.

मातीच्या दिवशी लोक चर्चमधून घरी आले. अन्फिन अंगण ओलांडून वाडगा घेऊन आला आणि उंबऱ्यातच थबकला. "ऐलिफ," आवाज चिरका, "परत गढूळ झाली. सकाळी तळघरात चांगली होती रे."

"आण इकडे." मी वाडगा चुलीजवळ धरला. दोन्ही हातांत, कुणाचं पोर धरावं तसा. हळूहळू धुकं विरलं. आधी देठ दिसला, मग पाकळ्या. "थंडीचं आहे. अंगणात गारठली की धुरकटते, ऊब लागली की निवळते. बिघडलेलं नाहीये काही."

रग्नानं पहिला घोट घेतला. लगेच दुसराही घेतला. मग म्हणाली, "तिचीच आहे."

अन्फिन भिंतीला टेकला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याचे ताठलेले खांदे सैल झालेले मी बघितले.

दुपारी पिंप आटलं. लोक पांगले. रग्ना कोट चढवत म्हणाली, "दाजी, तळाचं विरजण बाटलीत द्या ना थोडं. आईचं आता तुमच्याकडेच उरलंय."

खरं होतं ते. इतरांनी घरची बीअर करणंच सोडलंय. माझी माळ उंदरांनी खाल्ली, तेव्हापासून मी पुडीतलं वापरतो.

"तळाचं म्हणजे?" अन्फिननं विचारलं.

"तो पांढरा गाळ. तेच तर विरजण."

त्याचा चेहरा बघवेना. तो तसाच, काळ्या कोटात, गोठ्यामागे गेला. आम्ही पोचलो तेव्हा गुडघ्यांवर बसून नखांनी बर्फ उकरत होता. खाली शेण, बर्फ आणि पिवळट डाग. "तिला मी दोनदा घालवलं," तो म्हणाला.

रग्ना तोंड फिरवून उभी राहिली. चूक अर्धी माझी होती. मी बोललो तसं. त्यानं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

"सगळं ओतलंस?" मी विचारलं. "एक थेंबही नाही ठेवलास?"

"पिंपाच्या तळाची शेवटची सुरई... फारच गढूळ होती. लोकांना दिसायला नको म्हणून बटाट्यांमागे लपवली. टाकवेना. म्हटलं, मीच पिईन नंतर."

"प्यायलास?"

"अजून नाही."

"मग ऊठ, गाढवा!"

उरलेले जव भिजवून, गाळून, थोडाच वेळ उकळून बादलीत कोमट होईपर्यंत अंधार पडला होता. सुरईच्या बुडाशी बोटभर गाळ होता. तो बादलीत ओतला. विरजण घालताना आमच्याकडे मोठ्यानं आरोळी ठोकतात, जितकी जोराची तितकी बीअर कडक. अन्फिननं तोंड उघडलं. आवाजच फुटेना. रग्नानं ठोकली मग, भांडी हलली.

बादलीभोवती गुदवेगची लोकरीची शाल गुंडाळली आणि बसलो. तास गेला. कोट घालूनच रग्ना बसून होती. शेवटची बस गेली.

"काही दिसत नाही," अन्फिन म्हणाला.

"बघू नको. कान लाव. जगलं असेल तर फसफस ऐकू येईल."

त्यानं शालीला कान लावला.

"काही नाही."

"थांब की."

थोड्या वेळानं मी परत विचारलं, "काय रे?"

त्यानं कान काढला नाही. डोळे मिटूनच हात वर केला, गप्प बस म्हणून.