बरोबरच्या चिन्हाखालचं टिंब

“अजून टिंबं देतोय का हा?” चहाचा कप टाइपरायटरशेजारी ठेवत ताई सरांच्या हस्तलिखितावर वाकल्या. “शाळेच्या वहीतही हेच. उत्तराची खात्री नसली की खाली एक टिंब. मास्तर ओरडायचे, पण हा ऐकेल तर शपथ.”

ताई म्हणजे सरांच्या थोरल्या बहीण. बोलल्या आणि आपल्या कामाला निघूनही गेल्या. टायपिस्ट बाईंची बोटं मात्र कळांवर होती तिथेच राहिली.

सत्तावीस वर्षं त्या सरांचं लिखाण टाइप करत होत्या. सर नावाजलेले गणिती, पण त्यांना कुठल्याच विषयाचं वावडं नव्हतं. भरती-ओहोटीची कोष्टकं त्यांची, भाषेचं व्याकरण त्यांचं, नदीवरच्या पुलाच्या कमानींचं गणितही त्यांचंच. बाई मजकूर टाइप करत, चिन्हांपुरती जागा मोकळी सोडत आणि मग बारीक निबानं एकेक चिन्ह हातानं भरत. टिंबं तेवढी भरत नसत. विचार करताना सर पेन कागदावर टेकवून बसतात, त्याचे हे डाग, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. विचारायची सोय नव्हती. नोकरी नवी आणि गणिताच्या नावानं आनंदीआनंद. उलट त्या मनाशी म्हणत, माणूस एवढा मोठा, पण लिहिणं बाई गबाळं. बघा, आपलं पान कसं स्वच्छ असतं.

आता ते स्वच्छ पान त्यांना बघवेना. म्हणजे सर जिथे जिथे ‘बहुतेक’ म्हणाले, तिथे तिथे आपण ‘नक्की’ छापून दिलं. व्याकरणाचं एक वेळ ठीक आहे, त्यानं कुणाचा जीव जात नाही. पण पूल? रोज सकाळी बस त्या पुलावरून येते. आजही आली. बाई खिडकीशी बसून लिमलेटची गोळी चघळत होत्या.

चार वाजता छापखान्याचा माणूस येणार होता. सरांच्या आयुष्यभराच्या कामाचा ग्रंथ, त्यातलं शेवटचं प्रकरण तेवढं द्यायचं राहिलं होतं. ज्या सिद्धांतासाठी सगळे डोळे लावून बसले होते, तो त्याच्या शेवटच्या ओळीत होता. गप्प बसलं तर कुणाला काय कळणार होतं? ताईंना टिंबाचं काही वाटलं नव्हतं आणि सर तर दोन महिने अंथरुणावर होते. बाईंनी एक घोट चहा घेतला. मग कप बाजूला सारला. हस्तलिखित उचलून त्या आतल्या खोलीत गेल्या.

सरांचा उजवा हात पांघरुणावर नुसता पडून होता. बोलणंही तुटक झालं होतं.

“सर, माझ्या हातून फार मोठी चूक झालीय,” बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. “तुमची टिंबं मी कधी उतरवलीच नाहीत. मला ते डाग वाटले. सत्तावीस वर्षं.”

सरांच्या तोंडाची एक बाजू हसली.

“माहीत आहे. पहिल्याच पानावर कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमच्या पानात... सगळं ‘नक्की’ दिसायचं. मला लाज वाटायची. मग बसायचो. तपासायचो. नक्की झालं की मगच छापायला पाठवायचो.”

“आणि पूल?”

“पूल तीनदा.”

बाईंना रडू आलं. इतकी वर्षं आपण डाग गाळले आणि हा माणूस त्यासाठी बसून राहिला. पदरानं डोळे पुसता पुसता त्यांच्या लक्षात आलं, की हातातलं प्रकरण सरांनी आजारापूर्वी लिहिलंय. टाइप झालेलं पान त्यांच्यापुढे गेलेलंच नाही. त्यांनी भीतभीत विचारलं, “हे तपासायचं राहिलंय ना, सर?”

सरांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

“आता नाही व्हायचं.”

“मग टिंबं देऊ?”

“द्या.”

“शेवटच्या ओळीतही? लोक त्याचीच वाट बघतायत, सर.”

“तिथे आधी द्या,” सर म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

बाई टेबलाशी आल्या. निब पुसलं, शाईत बुडवलं. सगळ्यात आधी शेवटचं पान घेतलं आणि बरोबरच्या चिन्हाखाली टिंब दिलं. मग बाकीची दहा दिली. शाई वाळेपर्यंत त्या पानांवर फुंकर घालत राहिल्या.

छापखान्याचा माणूस चारला पाच मिनिटं असतानाच आला. त्यानं उभ्यानंच पानं चाळली आणि शेवटच्या पानाशी थांबला.

“बाई, तुमच्या पानावर डाग? नवलच म्हणायचं. काळजी करू नका, छापताना काढून टाकतो.”

“काढू नका,” बाई म्हणाल्या. “डाग नाहीत ते. सरांनी लिहिलंय.”

त्यानं मान डोलावली आणि पानं पिशवीत घातली. तो फाटकाबाहेर पडला तरी बाई दारातच उभ्या होत्या. मग आठवण झाली तशा त्या मागे धावल्या, त्याला थांबवलं आणि पिशवीतली पानं काढून अकराही टिंबं पुन्हा एकदा मोजली.