मांडवातली वाट

निहार, मधी बोला नको, नुसता ऐक! माझ्या बहिणीची, अक्षयाची, मुलाखत होती. नांदगावसून ट्रेन पकडूचीच होती. ती माझ्या मागे बसलेली. मॅपान जवळची वाट म्हणान बाईक थेट कोणाच्यातरी घरासमोरल्या खळ्यात नेल्यान. थंय मांडवात सत्यनारायण चालू, आणि रस्तो मांडवाच्या पलीकडे! मागे फिरलंय तर ट्रेन चुकता.

घरातल्या म्हातारेक इचारलंय, "माई, पलीकडे जाव?"

"जा रे झिला, पण चपला काढून, तीर्थ घेवन."

इंजिन बंद केलंय, चपला हँडलाक अडकवलंय, तीर्थ घेतलंय आणि देवासमोरसून बाईक ढकलत नेलंय, मागसून अक्षया तोंड लपवत. भटजी मंत्र इसारले!

ट्रेन गावली. पण अक्षया लाजेन अजून माझ्याशी बोलणा नाय. सांग, तू काय केलं असतंस?