रुमालाखालचा भाव

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात माझं नाव विचारा, गोरक्ष पारखी म्हटलं की कुणीही बोट दाखवेल. बैल नुसता दावणीला उभा असला तरी तो औताला कसा चालेल, कुठल्या पायावर दबेल, उन्हात बसकण मारेल का, हे मी लांबून सांगतो. विकणारे शिंगं तासून त्यांना रंग देतात, मीठ चारून पोटभर पाणी पाजतात, म्हातारा बैल खोंडासारखा दिसायला लागतो. मला आजवर कुणी फसवलेलं नाही. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या. जन्मभर एखादी गोष्ट चांगली केली असेल तर ती सांगायला लाज कशाची?

आमच्याकडं जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून सौदा करतात. भोवती किती का माणसं जमेनात, आकडा कुणाला कळत नाही. माझी बायको कडूबाई लग्न झाल्यापासून विचारत आली आहे, "कितीला घेतला ओ बैल?" आणि मी लग्न झाल्यापासून एकच उत्तर देतो, "रुमालाखालचं रुमालाखालीच ऱ्हाऊ दे." त्यावर ती ज्या नजरेनं बघते ती इथं लिहिण्यासारखी नाही.

तर अशा माझ्या घरात जुनी गाडी घ्यायची ठरली. गाडी माझ्यासाठी नव्हती, लेकीसाठी होती. स्नेहल गुरांची डॉक्टर आहे. स्कूटीवर पुढं औषधाची बॅग आणि मागं कृत्रिम रेतनाच्या कांड्यांचं जड कॅन बांधून ती वाड्यावस्त्यांवर फिरायची. लोकांना वाटलं, पोरगी शिकली, आता तिला मिरवायला गाडी पाहिजे. लोकांना काय वाटायचं ते वाटतंच. खरं कारण लंकाबाईची गाय होती.

गेल्या दिवाळीच्या आधी लंकाबाईचा फोन आला. गाय अडली होती, वासरू आडवं आलं होतं. स्नेहल त्या वस्तीवर पूर्वी कधी गेली नव्हती. तिनं मोबाईलवर नकाशा लावला आणि निघाली. नकाशानं तिला पाटाच्या अलीकडच्या काठावर नेऊन उभं केलं. पलीकडं गोठा दिसत होता, लंकाबाई हात हलवून हाका मारत होती, मधे पाट काठोकाठ भरून वाहत होता आणि पूल कुठंच नव्हता. मागं फिरून लांबच्या पुलावरून जाताना स्कूटी चिखलात रुतली. ती तशीच टाकून पोरगी पळत गेली. पोचली तोवर गाय गेली होती.

त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. मी समजूत काढायला बसलो. जनावर आहे, जातं कधीकधी, असं काहीतरी बोललो.

"दादा, वासरू फिरवता आलं असतं," ती म्हणाली. "मला फक्त येळंवर पोचायचं हुतं."

मी तिच्या ताटावर झाकण ठेवलं आणि उठलो.

तेव्हापासून तिनं दोन गोष्टी केल्या. ज्या वस्तीवर जाईल तिथली खूण स्वतः मोबाईलच्या नकाशात घालून ठेवायची. वस्ती पाटाच्या कुठल्या अंगाला, वाट कुठून फुटते, गाडी कुठवर जाते, सगळं. आणि दुसरी गोष्ट, पैसे साठवायचे. माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. "दादा, एकच गाडी घेता येनार हाय," ती म्हणाली. "ही चुकली तर मी परत स्कूटीवर."

"मी हाय ना संगं," मी म्हणालो. ज्याला बैल कळतो त्याला चार चाकं काय जड आहेत, असं माझं प्रामाणिक मत होतं.

दौंड रस्त्याला अंगद नावाचा एकजण जुन्या गाड्या विकतो. आम्ही तिथं गेलो. मला बघताच तो खुर्चीतून उठला. "या दादा! काष्टीच्या बाजारातला पारखी आपल्या दारात! आता ह्या गाड्यांकडं मीच नव्या नजरेनं बघतो." त्याला माणसं ओळखता येत होती हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण कौतुक कानाला गोड लागतं, आणि माझे कान इतरांसारखेच आहेत.

त्यानं एक पांढरी गाडी दाखवली. काय तिची चमक! मी तिच्या भोवती एक फेरी मारली, पाठीवरून हात फिरवला, चाकांना लाथ मारून बघितली, पुढं घ्यायला लावली, मागं घ्यायला लावली. चाल झकास होती.

"एका डाक्टरची हाय," अंगद म्हणाला. "घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. एकच मालक. आनि ह्यो पडदा बघा. ह्यात नकाशा हाय. बाई सोता बोलती, हिकडं वळा, तिकडं वळा. ह्याचेच लई पैसे हायेत, दादा."

मला ती बोलणारी बाई फार आवडली. मी खांद्यावरचा रुमाल काढला आणि अंगदपुढं हात केला.

"दादा, हात आवरा," स्नेहल म्हणाली.

भर बाजारात मला असं कुणी बोललेलं नाही. माझी कानशिलं तापली. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. मोबाईलवर सरकारी ॲप उघडून तिनं गाडीचा नंबर टाकला. "मालक तिसरा हाय," ती म्हणाली. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावून ती लिंबाच्या झाडाखाली बराच वेळ बोलत राहिली. परत आली, दार उघडून आत बसली आणि सीटचा पट्टा ओढायला लागली. ओढतच राहिली. पट्टा पार शेवटपर्यंत बाहेर आला तेव्हा त्याच्या टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ होती. वरून चकचकीत, आत मातकट.

"आता नकाशा," म्हणत तिनं पडद्यावर खडकवस्ती लिहिलं. खडकवस्ती आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पडद्यानं बराच विचार केला आणि त्या बाईनं आम्हाला थेट सोलापूरकडं काढलं.

"वस्त्या कुठं येत्यात त्यात, ताई?" अंगद हसला. "शहरं येत्यात."

"मला शहरात कुठं जायचंय?" स्नेहल म्हणाली. "सर्व्हिस सेंटरवाले सांगत्यात, मीटरवर दिसतंय त्याच्या दुप्पट पळालीय ही गाडी. आनि एकदा पुराच्या पान्यात उभी ऱ्हायलीय."

"दादा, आवो तुमी सांगा की पोरीला," अंगद माझ्याकडं वळला.

मी रुमालाची घडी केली आणि खांद्यावर टाकली. "काय सांगू?" मी म्हणालो. "तुझ्या बैलाची शिंगं तासल्याली हायेत."

घरी येताना स्कूटीवर तिच्या मागं बसलो. रागावलो होतो हे खरं. तिच्यावर नाही, स्वतःवर. पांढऱ्या रंगाला आणि बोलणाऱ्या बाईला भुललो, मी! थोड्या वेळानं राहवेना म्हणून विचारलं, "हे समदं तुला कोनी शिकवलं?"

"तुमीच की," ती मान न वळवता म्हणाली. "इकनाऱ्याच्या तोंडाकडं न्हाई, जनावराच्या पायाकडं बघायचं. आनि जनावराची चौकशी मालकाकडं न करता शेजाऱ्याकडं करायची."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं आलं, असं मी तिला सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं.

त्यानंतर तिनं घाई केली नाही. रोज संध्याकाळी मोबाईलवर गाड्या बघायची, नंबर तपासायची, फोन करायची आणि मान हलवून फोन ठेवायची. शेवटी हिवरे बाजार गावच्या भीमाअण्णांची गाडी तिच्या मनात भरली. अण्णांचा दुधाचा धंदा. मालक एकच, सर्व्हिस वेळच्या वेळी, आकडे मीटरशी जुळणारे. तिथल्या डेअरीतही तिनं फोन करून चौकशी केली होती, म्हणजे शेजाऱ्याला विचारून झालं होतं. अण्णांना गाय घ्यायची होती, म्हणून ते शनिवारी काष्टीच्या बाजारातच गाडी घेऊन आले.

गाडी करड्या रंगाची, दिसायला बेताची. मी तोंड वाकडं केलं असावं, कारण अण्णाच म्हणाले, "पावनं, आधी खोड सांगतो. ह्ये डावं दार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं दाबलंय, चूक माझीच. एसी गार करतो पन कुरकुरतो. आनि नकाशाचा पडदा-बिडदा काय न्हाई हिच्यात."

खोड आधी सांगणारे विकणारे मी बाजारात बोटावर मोजण्याइतकेच बघितले आहेत. अण्णा मला तिथंच आवडले.

"पडदा नकोच," स्नेहल म्हणाली. तिनं पर्समधून मोबाईलचा एक साधा स्टँड काढून काचेपाशी बसवला. "माझा नकाशा माझ्यापाशी हाय. बसा दोघं."

"कुठं जायचं?" मी विचारलं.

"लंकाबाईच्या वस्तीवर."

जाताना तिनं काचा बंद केल्या, गाणी लावू दिली नाहीत. कान लावून गाडी ऐकत होती, मी बैलाचा श्वास ऐकतो तसं. डांबरी रस्ता संपला, मोबाईलची रेंज गेली, तरी नकाशा चालू राहिला, कारण तिनं तो आधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवला होता. पाटाजवळ तिच्या खुणेनं आम्हाला डावीकडं पुलावर काढलं. दगडगोट्यांच्या वाटेवर गाडी हेलकावे खात गेली, पण कुठं खडखडली नाही, चढाला दमली नाही. थेट गोठ्याच्या दारात उभी राहिली.

लंकाबाई शेण काढत होती. हात तसेच घेऊन बाहेर आली. आधी गाडीकडं बघितलं, मग स्नेहलकडं. "ह्या अंगानं आलीस व्हय," एवढंच म्हणाली. मग दावणीच्या नव्या कालवडीकडं बोट करून म्हणाली, "ही फाल्गुनात व्यायची हाय. येशील न्हवं?"

"ईन," स्नेहल म्हणाली.

बाजारात परतलो तेव्हा दुपार कलली होती. "घ्यायची," ती मला हळूच म्हणाली. अण्णा जुन्या वळणाचे. त्यांनी खिशातून कागद काढला नाही, आकडा बोलले नाहीत, सरळ माझ्यापुढं हात केला. गोरक्ष पारखी सौदा करतोय म्हटल्यावर माणसं गोळा झाली.

मी खांद्यावरचा रुमाल काढला. अण्णांचा हात धरला आणि तो स्नेहलच्या हातात दिला. वरून रुमाल टाकला.

"आरं गोरक्षदादा," गर्दीतून एकजण हसत म्हणाला, "पोरीला बोटांतलं काय कळतंय?"

"तुझ्यापेक्षा जास्त कळतंय, गप ऱ्हा," मी ओरडलो. पण खरं सांगतो, ते उसनं अवसान होतं. बोटांची भाषा मी तिला कधीच शिकवली नव्हती. या बाजारात बाईमाणसानं रुमालाखाली हात घातलेला कुणी बघितला नव्हता. तिची साठवण, तिची गाडी, आणि चुकली तर चारचौघांत हसू. माझ्या फाजील हौसेपायी मी तिला कुठं उभं केलं, असं वाटायला लागलं.

स्नेहल मात्र शांत होती. तिनं खाली मान घातली, आणि ती मान बघून मला एकदम आठवलं. लहानपणी ती बाजाराला यायचा हट्ट धरायची. माझ्या मांडीवर बसायची आणि सौदा चालू झाला की तिचा इवलासा हात रुमालाखाली माझ्या हातावर ठेवायची. मला वाटायचं, पोर खेळतेय.

रुमाल हलला, थांबला, परत हलला. अण्णा आधी कौतुकानं हसत होते. मग हसू गेलं. मग भुवई वर चढली. त्यांनी मान हलवली, स्नेहलनंही हलवली. बराच वेळ रुमालाखाली नुसती बोटं बोलत होती आणि सगळा बाजार टाचा उंचावून बघत होता. शेवटी अण्णांनी दुसऱ्या हातानं कपाळ पुसलं आणि मोठ्यानं हसले. "झाला सौदा! पावनं, ही तर तुमच्याहून कडक हाय!"

लोक टाळ्या वाजवत होते का नव्हते, मला माहीत नाही. मी कुणाकडं बघतच नव्हतो.

गाडी घरी आली. कडूबाईनं चाकाला पाणी घातलं, टपावर हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. आणि लगेच सवयीप्रमाणं माझ्याकडं वळली. "कितीला घेतली ओ?"

"मला ठाव न्हाई," मी म्हणालो.

"काय पन सांगता."

"देवाशप्पथ. सौदा तिनं केलाय, तिलाच इचार."

कडूबाई लेकीकडं वळली. मीही वळलो. कारण वाटेत मी दोनदा विचारून बघितलं होतं आणि दोन्ही वेळा मला उत्तर मिळालं नव्हतं.

स्नेहलनं मोबाईलचा स्टँड काचेवर नीट दाबून बसवला. "आई," ती म्हणाली, "रुमालाखालचं रुमालाखालीच ऱ्हाऊ दे."

कडूबाईनं तिच्याकडं त्या नजरेनं बघितलं. मी पहिल्यांदाच कडूबाईच्या बाजूला उभा होतो, तिच्यासारखाच भाव न कळलेला. आणि एवढं थोर झाल्यासारखं मला काष्टीच्या बाजारात कधीच वाटलं नव्हतं.