बाराव्या चादरीवरचा डाग

बत्तीस वर्षं हॉटेलच्या तळघरातल्या धुलाईघरात काढलेल्या बाईला डाग म्हणजे काय ते कुणी शिकवायला जाऊ नये. चहा, शाई, रक्त, लिपस्टिक, सगळ्यांचा हेडबाईंनी निकाल लावला होता. हा एक डाग मात्र त्यांना पुरून उरला.

तीन आठवडे झाले, धुतलेल्या पांढऱ्या चादरींवर तांबूस पट्टे उमटत होते. सगळ्यांवर नाही, डझनात एखादीवर. मशीनमध्ये घालताना चादर स्वच्छ आणि काढताना डागाळलेली! मशीन चालवायची हेडबाईंची सून. मुलाचा कारखाना बंद पडल्यावर हॉटेलच्या साहेबांकडे शब्द टाकून हेडबाईंनीच तिला इथे चिकटवली होती. आता त्याच शब्दाची लाज जायची वेळ आली होती.

साहेबांनी साफ सांगितलं होतं. आज साबण कंपनीचा माणूस येऊन मशीन तपासेल. मशीनमध्ये दोष नसेल, तर दोष मशीन चालवणारीचा, आणि ती आजच घरी जाईल. यावर सासूनं काय करावं? सुनेची बाजू घ्यावी? छे! हेडबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "गंजकी बादली वापरली असणार. हाताला वळणच नाही हिच्या." डाग घालवायला त्यांनी ब्लीच घालायला लावलं, तर डाग आणखी लाल झाले. त्यांनी दुप्पट घालायला लावलं.

अकरा वाजता हेडबाई कपाटामागे गेल्या आणि खिशातली ट्यूब काढून भराभर चेहऱ्याला क्रीम फासलं. गच्चीवरच्या उन्हात चादरी काढून काढून त्यांच्या दोन्ही गालांवर वांग आले होते. डॉक्टरांना विचारून हे उन्हाचं क्रीम सुनेनंच आणलं होतं. तेव्हा हेडबाईंनी चारचौघींत तिची खिल्ली उडवली होती, "म्हातारपणी असले नखरे मला नकोत, बाई!" आणि दुसऱ्या दिवसापासून गुपचूप लावायला सुरुवात केली होती. ट्यूब संपली की तिच्या जागी नवी येई. त्यावर दोघीही कधी बोलल्या नाहीत.

हेडबाईंनी गच्चीवर जाऊन वाळलेल्या चादरी काढल्या, खाली आणल्या आणि टेबलावर बारा-बाराचे गठ्ठे रचले. प्रत्येक गठ्ठ्यावर तळहात फिरवून एक थाप मारायची ही त्यांची जुनी सवय. थापेशिवाय गठ्ठा कपाटात जात नसे.

साबणवाला साहेबांबरोबर खाली आला तेव्हा बारा वाजायला आले होते. त्यानं मशीन उघडून पाहिलं, साबण तपासला.

"दोन्ही ठीक आहेत," तो म्हणाला.

सून भिंतीशी उभी होती. साबणवाल्याला दाखवायला राखून ठेवलेली, ब्लीच न लावलेली चादर तिनं छातीशी घट्ट धरली होती. त्यानं घडीतून डोकावणारी डागाची तांबडी कड चोळून पाहिली.

"पाणी कुठलं?"

"महिनाभर आवारातल्या विहिरीचं आहे," साहेब म्हणाले.

"लोह असणार त्यात. पण नुसत्या पाण्यानं एवढा डाग पडत नाही. उन्हाच्या क्रीममध्ये ॲव्होबेंझोन नावाचं रसायन असतं. ऊन अडवतं ते. कापडाला लागलं तर दिसत नाही, पण असल्या पाण्यात गेलं की तांबडं होतं. त्यावर ब्लीच घातलं तर मग बघायलाच नको."

"ब्लीच कुणी घातलं?" साहेबांनी विचारलं.

"मी," सून म्हणाली.

"आणि क्रीम?"

"तेही माझंच. हात लागला असेल चुकून."

दिवसभर तळघरात राबणारी, उन्हाचं तोंड न बघणारी पोर क्रीम लावते म्हणे! साहेबांना मात्र पटलं. "मग विषय संपला. ॲप्रन ठेव."

हेडबाईंचा हात खिशातल्या ट्यूबवर होता. गप्प बसणं सोपं होतं. बत्तीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. त्यांना तो मोह झाला, अगदी खरा झाला, आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली. तेवढ्यात त्यांचं लक्ष त्या चादरीकडे गेलं. कधी धड घडी न घालणाऱ्या सुनेनं ती दुमडून दुमडून उशीएवढी केली होती.

"आण ती इकडे."

"आई, राहू द्या ना."

हेडबाईंनी चादर ओढून टेबलावर पसरली. मधोमध तांबडा तळहात उमटला होता. चार बोटं आणि अंगठा, आणि त्यातलं पहिलं बोट निम्मंच. फार वर्षांपूर्वी इस्त्रीच्या मशीनच्या रुळात गेलेलं, हेडबाईंचं बोट.

थाप बसायची ती गठ्ठ्यातली सगळ्यात वरची चादर, म्हणजे डझनात एक, आणि पुढच्या धुलाईत तीच तांबडी होऊन निघायची. सुनेला हे कधीच कळलं होतं. दोघींपैकी एकीला जावं लागणार, आणि कुणी जायचं ते पोरीनं परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

हेडबाईंनी आपला हात त्या डागावर ठेवला. तंतोतंत बसला.

"क्रीम माझं आहे, साहेब," त्यांनी ट्यूब काढून ठेवली. "वांगासाठी लावते, चोरून. ब्लीचही मीच घालायला लावलं. आणि गंजकी बादली वगैरे काही नव्हती. सगळ्यांदेखत बोलले होते, म्हणून सगळ्यांदेखत सांगते. नखरे माझे आणि चूकही माझी."

हेडबाईंनी स्वतःचा ॲप्रन सोडला, नीट घडी घातली, साहेबांपुढे ठेवला आणि सवयीनं थाप मारायला हात उचलला. मग तो तसाच वर राहिला.

सुनेनं तो हात, क्रीमसकट, आपल्या दोन्ही हातांत धरला.