रेव्हरंड पिम यांची दाढी

माझी बायको सुचित्रा गेली त्याच्या पुढच्या महिन्यात मार्गरेट केक घेऊन घरी आली. न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनच्या आमच्या भागात एक इतिहास मंडळ आहे, त्याची ती सेक्रेटरी. सुचित्राने या मंडळासाठी गावातल्या जुन्या मान्यवरांची चरित्रं लिहिली होती. राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडहून इथे आलेले पाद्री, डॉक्टर, हेडमास्तर. प्रत्येकाला एक पान.

"दुसरी आवृत्ती काढतोय," मार्गरेट म्हणाली. "शेवटचं पान सुचित्राचं. तू लिहिशील का, लव्ह? साचा तोच."

साचा मला पाठ होता. जन्म, शिक्षण, कुठल्या बोटीने आले, हुद्दे, कार्य, मृत्यू. अगदी तळाला विवाह. रेव्हरंड पिम यांच्या पानावर तिथे होतं, 'विवाह: तीनदा. अपत्ये: अकरा.' संपलं.

त्यावरून सुचित्रा पोळ्या लाटताना तणतणली होती.

"अहो, अकरा मुलं! बाळंतपणंही रेव्हरंडांनीच केली वाटतं."

"मग घाल की बायकांची नावं."

"घातली होती. कमिटीने काढली. म्हणे जागा नाही. आणि त्या दाढीच्या फोटोला अर्धं पान दिलंय."

ती तीन नावं शोधायला ती भर थंडीत दफनभूमीत हिंडली होती. मी गाडीत हीटर लावून बसलो होतो.

मी दूध पावडरच्या कारखान्यातला इंजिनिअर. साचा असला की मला बरं वाटतं. एका संध्याकाळी पान लिहून काढलं. रविवारी आमची मुलगी वल्लरी बॉटनी डाउन्सहून आली, तिला वाचायला दिलं.

"बाबा, धिस इज युअर सीव्ही."

"काहीतरीच काय!"

"ऐक. 'पतीला डेअरी कंपनीत नोकरी मिळाल्याने न्यूझीलंडला आगमन. पतीच्या बदलीमुळे हॅमिल्टनला.' यात आई कुठेय?"

"आहे ना. खाली बघ. आमटी."

"आमटी! शी वॉज अ हिस्टोरियन, बाबा."

ती गेल्यावर मी पान पुन्हा लिहायला घेतलं. मी जिथे जिथे होतो तिथून स्वतःला काढलं. बरीच जागा झाली. मग ती पुण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायची हे मावलं. इथे लायब्ररीच्या काउंटरवर लोक पणजोबांची बोट विचारायला यायचे, तिला सापडायची, हेही मावलं. पाद्रीबुवांच्या बायकांसाठी ती कमिटीशी भांडली, हेसुद्धा. आमटी ठेवली. चांगली करायची.

तळाला लिहिलं, 'विवाह: एकदा.'

दोन दिवसांनी मार्गरेटचा फोन आला.

"सुंदर झालंय. फक्त तुझं नाव राहिलंय, लव्ह."

"पिमच्या बायकांची नावं छापा. मग माझं छापा."

"ते कमिटीने ठरवलंय रे. जागेचा प्रश्न आहे."

"दाढी कापा."

ती हसली. मी हसलो नाही.

"नाहीतर सुचित्राचं पानही नको," मी म्हणालो.

"विचारते," म्हणाली आणि फोन ठेवला.

सुचित्रावर छापलं जाणार असं हे एकच पान होतं आणि ते मी पणाला लावून बसलो होतो. तेही कुणासाठी, तर शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या तीन बायकांसाठी, ज्यांच्याकडे मी गाडीतून उतरून बघितलंही नव्हतं. परत फोन करून माफी मागावी असं आठवडाभर वाटत होतं. केला नाही. सुचित्राने केला नसता.

पुस्तक नोव्हेंबरात आलं. वल्लरी घरीच होती. मी आधी पिमचं पान उघडलं. फोटो हनुवटीशी कापला होता. दाढीशिवाय रेव्हरंड अगदीच साधे दिसत होते, बँकेतल्या कारकुनासारखे. खाली तीन नावं. एलायझा. हॅना. मेरी अ‍ॅन.

मग शेवटचं पान. जन्मापासून आमटीपर्यंत सगळं जसंच्या तसं. तळाला, 'विवाह: एकदा.'

माझं नाव नव्हतं.

"विसरले!" वल्लरी चिडली. "बाबा, कॉल देम."

"राहू दे," मी म्हणालो. "जागा नसेल."