दोन इंचांची फट

भिवंडीतल्या नारपोलीच्या बाळारामने आयुष्यात कुणावर विश्वास ठेवला असेल, तर तो फक्त धाकट्या भावावर, कुमारवर. बाकी सगळं जग चोर. सूत देणारा चोर, कापड घेणारा चोर, लाइटचं मीटर तर महाचोर. आणि आता नव्या घराच्या नकाशावरून त्याच्या मनात कुमारबद्दलच पाल चुकचुकली.

घर असं ठरलं होतं: पुढच्या भागात खाली कापड विणायचे चोवीस लूम, वर कुमार आणि त्याची बायको पूर्वी, मागच्या भागात बाळाराम आणि त्याची बायको कमळ. चूल एकच, मागे. बाप गेल्यापासून दोघे भाऊ शेजारी बसून जेवत आले होते. ती पंगत मोडू नये, एवढ्यासाठीच बाळारामने जुनी शेड पाडून हा घाट घातला होता. कल्याणची मृणाली मॅडम घराचा नकाशाही काढायची आणि कुठल्या खांबात किती सळई हेही तीच ठरवायची. दोन माणसं ठेवली की एक दुसऱ्यावर ढकलतो, म्हणून कुमारने तिला शोधून आणली होती. कुमारनेच बरं का!

नकाशात मधोमध दोन-दोन खांब खेटून उभे होते आणि त्यांच्यामधून जोत्यापासून गच्चीपर्यंत दोन इंचांची फट. एका खांबात भागतं तिथे दोन कशाला, बाळारामने विचारलं. मॅडमने नीट समजावलं, की लूमचा हादरा मागे जाऊ नये म्हणून दोन्ही भाग वेगळे उभे करायचे, कुठेच चिकटवायचे नाहीत. बाळारामने मान डोलावली आणि एका अक्षरावर विश्वास ठेवला नाही. वीस वर्षं लूम चालले, कुठली भिंत पडली? भिवंडीत हादऱ्याला घाबरतं कोण? त्यात वर कुमारच्या बाजूला एक मोरी. कामगारांच्या चहाची भांडी धुवायला म्हणे. आज मोरी, उद्या ओटा, परवा वेगळी चूल! शेजारच्या पंढरीच्या घरी वाटणी झाली तेव्हा अशीच मधोमध रेघ मारली होती. तिथे भिंत घातली, इथे फट ठेवली, एवढाच काय तो फरक.

मग त्याला जिथे तिथे पाणी मुरताना दिसायला लागलं. कुमार फोन आला की बाहेर जातो. मॅडम कुमारशी हळू बोलते आणि याला पाहून विषय बदलते. एकदा तर कुमार तिला "दादाला सांगू नका" म्हणाला, ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. कमळला विचारलं, तर ती कपाळाला बाम चोळत म्हणाली, डोकं ठणकतंय, मग बोलू. तिचं डोकं रोजच ठणकायचं.

घर गच्चीपर्यंत उभं राहिलं, तेव्हा मॅडम आठ दिवस बहिणीच्या लग्नाला गेली आणि कुमार सुरतेला सूत बघायला. बाळारामने अय्यूब मिस्त्रीला बोलावलं आणि दोन्ही भाग चिकटू नयेत म्हणून फटीत घातलेला थर्माकोल काढून सिमेंटचा माल भरायला सांगितलं. अय्यूब का-कू करू लागला. मॅडमना विचारू या, म्हणाला.

"घर माझं हाय का मॅडमचं?"

फट खालपासून वरपर्यंत भरली. तोंडावर नकाशाप्रमाणे फट झाकणारी पट्टी ठोकली, की कुणाला शंका यायला नको. त्या दिवशी बाळाराम दोन भाकऱ्या जास्त जेवला.

वास्तुशांत झाली, लूम बसले. नारळ फोडून कुमारने स्विच दाबला, चोवीस लूम एकदम सुरू झाले, आणि तो धावत मागे आला तो थेट वहिनीच्या खोलीत. तांब्यातलं पाणी थरथरत होतं. खिडकीची काच वाजत होती. कमळ कपाळ धरून खाटेवर बसली होती.

मॅडम आली. तिने पट्टी उचकटली आणि आतलं सिमेंट बघून अय्यूबला हाक मारली. अय्यूबने खाली मान घालून खरं काय ते सांगितलं.

"वीस वर्षं वहिनी शेडच्या भिंतीला डोकं लावून झोपली," कुमार म्हणाला. "नव्या घरात तरी तिला झोप लागावी म्हणून मीच ही फट मागितली. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, लूमवाल्याच्या घरात लूम वाजणारच. का भरलीस, दादा?"

थाप मारता आली असती. पण भावाशी बाळाराम कधी खोटं बोलला नव्हता.

"मला वाटलं, तुला वेगळं निघायचं हाय."

 कुमार लूम बंद करायला निघून गेला.

सहा दिवस सिमेंट कापायचं मशीन लावून फट मोकळी केली. सातव्या दिवशी लूम पुन्हा सुरू झाले. तांब्यातलं पाणी हललं नाही. कमळ दुपारी आडवी झाली ती थेट दिवेलागणीला उठली, आणि बाळारामला इतका आनंद झाला की कधी एकदा कुमारला सांगतो असं त्याला झालं. तो दोन पाट मांडून बसला.

कुमारची बायको पूर्वी खाली आली. नजर न उचलता म्हणाली, आजपासून आमच्यासाठी जेवायचे थांबू नका, वर मोरीशेजारी शेगडी लावली आहे.

बाळाराम कान देऊन बसला. वर भांडं वाजलं असेल, कुमार काही बोलला असेल. पण फट चोख झाली होती, पलीकडचं काहीच ऐकू येत नव्हतं. कमळने कुमारचं ताट उचलून फडताळात ठेवलं.